आठवत नाही म्हणजे खोटं, हे कोणी ठरवलं?

आमच्या नागपूरच्या धरमपेठेतल्या वाचन गटात या महिन्यात एक इंग्रजी कादंबरी होती. नाव सांगत नाही, कारण पुढे मला तिचा शेवट फोडायचा आहे आणि ज्यांची अर्धी वाचून झालीये ते शिव्या घालतील. गोष्ट थोडक्यात अशी की नवरा मोठा स्टार, बायको देखणी, दोघांचे फोटो मासिकांच्या कव्हरवर, टेकडीवर बंगला, रोज पार्ट्या. एक दिवस बायको हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर येते आणि तिला मागची काही वर्षं आठवतच नाहीत. नवरा पलंगाशेजारी बसतो, हात हातात घेतो आणि तिला तिचीच गोष्ट सांगायला लागतो, आपण असे भेटलो, तू अशी हसायचीस, आपलं असं छान चाललं होतं. मग एकेक तुकडा वर येतो, आणि त्या छान गोष्टीत न बसणारं काहीतरी दिसू लागतं.

भेटीत चर्चा जरा बरी झाली, खरी मारामारी व्हॉट्सअपवर. बँकेतून रिटायर झालेले एक काका म्हणाले, "तिले काही आठवतच नाही म्हणते, मंग नवऱ्यावर आरोप कशाच्या भरवशावर करून राहिली?" त्यावर एक ताई उसळल्या की बाई म्हणते म्हणजे ते खरंच, प्रश्न विचारणं हाच अन्याय. मग ४९८अ (बायकोचा छळ करणाऱ्या नवऱ्यावर आणि सासरच्यांवर लागतं ते कलम) आलं, कोणाच्या तरी पुतण्याची केस आली, आजकालच्या पोरी आल्या, आणि कादंबरी राहिली बाजूला. एरवी मी अशा भांडणात पडत नाही, पण हे भांडण इतकं वाईट तऱ्हेने चाललंय (आणि फक्त आमच्या गटात नाही, जिथे जिथे नवरा-बायकोची केस बातमीत येते तिथे असंच चालतं) की लिहावंसं वाटलं. माझं म्हणणं एवढंच की तिला आठवतं का, ही परीक्षाच चुकीची लावलीये. आठवण नसणं हा तिच्या बाजूचाही पुरावा नाही आणि विरुद्धचाही नाही. बघायचं ते हे की त्या रिकाम्या जागेत गोष्ट कोण भरून राहिलंय, आणि ती भरायची सोय त्याच्याकडे कशी काय आहे.

आता काका म्हणतील हे सगळं विदेशी खूळ आहे. विदेशी कशाला, आपल्या रामटेकचं उदाहरण घ्या ना. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक असं आपण छाती फुगवून सांगतो, तिथे कालिदासाच्या नावाचं विद्यापीठ आहे. त्याच कालिदासाच्या शाकुंतलात विसरभोळेपणा कोणाचा आहे? राजाचा. महाभारताच्या आदिपर्वातला दुष्यंत काही विसरत-बिसरत नाही, त्याला सगळं ठाऊक आहे आणि तरी तो भर दरबारात शकुंतलेला ओळखत नाही म्हणतो, लोक काय म्हणतील म्हणून. कालिदासाला असा नायक परवडला नसावा. मग दुर्वासाचा शाप आणला, अंगठी पाण्यात पाडली, माशाच्या पोटात घातली, आणि राजा निर्दोष सुटला, बिचारा विसरला होता! काव्य म्हणून ते अप्रतिमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पुरुष विसरला तर त्याच्यासाठी ऋषीचा शाप तयार असतो आणि बाई विसरली तर ती बनाव करते, हा हिशोब कुठून आला ते तरी बघा.

आणि पाचव्या अंकात त्याहून मोठी गंमत आहे. अंगठी हरवलीये हे कळल्यावर शकुंतला काय करते? आठवण सांगते. तुम्ही कमळाच्या पानात पाणी घेतलं होतं, माझं हरणाचं पाडस तुमच्या हातून प्यायलं नाही, माझ्या हातून प्यायलं, तेव्हा तुम्ही हसून असं म्हणाला होतात. जागा, प्रसंग, वाक्य, सगळं बारीकसारीक सांगते. यावर राजा म्हणतो की चतुरपणा बायकांना शिकवावा लागत नाही, तो उपजतच असतो. म्हणजे बघा, बाईला सगळं आठवलं तर ती चालू, आणि नाही आठवलं तर ती खोटारडी. मग तिने नेमकं किती आठवावं म्हणता? शेवटी शकुंतलेचं खरं ठरतं ते कोळ्याला अंगठी सापडते म्हणून. महाभारतात आकाशवाणी होते म्हणून. दोन्हीकडे तिचा शब्द एकटा पुरत नाही, मासा तरी लागतो नाहीतर आकाश तरी. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी तेच नाटक मराठी रंगभूमीवर आणलं आणि पिढ्यानपिढ्या लोकांनी त्यातल्या पदांवर माना डोलावल्या, पण राजाच्या त्या वाक्याला आक्षेप घेतलेला माझ्या तरी ऐकण्यात नाही.

बरं, पुराणं राहू द्या. विदर्भातलीच गोष्ट सांगते, ती विवाहाची नाही पण पुराव्याची नक्की आहे. २६ मार्च १९७२ ला देसाईगंजच्या, म्हणजे आपल्या वडशाच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली, तीही दोन पोलिसांवर. सेशन्स कोर्टाने तिला खोटारडी ठरवून दोन्ही पोलिसांना सोडलं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला, भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती होत नाही असं स्पष्ट सांगितलं आणि शिक्षा दिली. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडून दिलं, अंगावर जखमेच्या खुणा नाहीत हा त्यातला मोठा मुद्दा. मग १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी (उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार) सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. शब्द पुरत नाही, जखम दाखव. जखम नाही? मग काही झालंच नाही. आज काका आठवण मागतात, तेव्हा कोर्टाने वळ मागितले, मला तरी त्यात फार फरक दिसत नाही. आणि त्याच १९८३ साली, भरवाडा भोगीनभाई हिरजीभाई खटल्यात, सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की साक्षीदाराची स्मरणशक्ती फोटोसारखी असावी आणि घडलेलं त्याने व्हिडिओ टेपसारखं जसंच्या तसं दाखवावं ही अपेक्षाच चूक आहे. कोर्टाला हे चाळीस वर्षांपूर्वी कळलं, व्हॉट्सअपला अजून कळायचंय.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते मान्य केलंच पाहिजे, ताईंसारखं "विचारूच नका" म्हणून चालत नाही. पहिला मुद्दा, आठवणी खोट्याही असू शकतात आणि सांगणाऱ्याला त्या शंभर टक्के खऱ्या वाटू शकतात. हे कोणी बायकांचा द्वेष करणारा बोलत नाहीये, एलिझाबेथ लॉफ्टस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी ते दाखवलंय. १९७४ च्या त्यांच्या प्रयोगात लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली आणि नंतर प्रश्न विचारताना फक्त क्रियापद बदललं, गाड्या "लागल्या" तेव्हा वेग किती होता आणि गाड्या "धाडकन आदळल्या" तेव्हा किती होता. आदळल्या ऐकणाऱ्यांनी वेग जास्त सांगितला, आणि आठवड्याने विचारलं तर त्यांच्यापैकी जास्त जणांना फुटलेल्या काचा आठवल्या, ज्या फिल्ममध्ये नव्हत्याच. १९८०-९० च्या काळात अमेरिकेत थेरपीच्या नावाखाली लोकांना न घडलेल्या अत्याचारांच्या आठवणी सापडायला लागल्या होत्या आणि त्यात निरपराध माणसं भरडली गेली, हाही इतिहासच आहे. तेव्हा कादंबरीतल्या बाईला स्वप्नात दिसलं म्हणून ते झालंच, असं मीही म्हणणार नाही.

पण हाच मुद्दा पुढे नेऊन बघा ना, अर्ध्यात का सोडता? त्याच लॉफ्टस बाईंचा १९९५ चा प्रयोग आहे, लहानपणी तू मॉलमध्ये हरवला होतास अशी न घडलेली गोष्ट माणसाच्या डोक्यात बसवता येते का, यावरचा. साधारण चौथा हिस्सा लोकांना ती पूर्ण किंवा थोडीफार आठवायला लागली. आणि ती गोष्ट बसवली कशी? घरच्या माणसाचं नाव लावून! तीन खऱ्या आठवणी नातेवाइकाकडून घेतल्या, चौथी खोटी त्यात मिसळली, आणि हे सगळं तुझ्या घरच्यांनीच सांगितलंय असं म्हटलं. आता मला सांगा, एका प्रश्नातल्या एका क्रियापदाने, घरच्या माणसाच्या नुसत्या हवाल्याने जर आठवण वाकत असेल, तर ज्या बाईचा फोन नवऱ्याकडे, अल्बम नवऱ्याकडे, मैत्रिणींना भेटायचं की नाही ते नवरा ठरवणार, डॉक्टरशी बोलणार नवरा, आणि रात्रंदिवस गोष्ट सांगणाराही तोच, तिच्या डोक्यात कोणाची गोष्ट बसण्याची शक्यता जास्त? आठवण कच्ची असते हा युक्तिवाद तिच्या विरोधात वापरायचा असेल तर तो आधी त्याच्या विरोधात लागतो. आमच्या गटात हे कोणीच बोललं नाही, आणि कादंबरीतला सगळ्यात चांगला भाग नेमका हाच आहे, तो अल्बमचा प्रसंग, जिथे नवरा एकेक फोटो दाखवत जातो आणि दोन पानं चिकटलेली आहेत म्हणून पटकन पुढे उलटतो.

आता जरा डॉक्टरी बाजू, कारण इथे कादंबऱ्यांनी आणि पिक्चरांनी आपल्या डोक्याचं भजं करून ठेवलंय. डोक्याला मार लागला की नाव-गाव विसरायचं आणि दुसऱ्यांदा मार लागला की सगळं परत, हे फक्त पडद्यावर होतं. प्रत्यक्षात डोक्याला जोराचा मार लागला तर माणूस स्वतःचं नाव सहसा विसरत नाही, जाते ती माराच्या आसपासच्या वेळेची आठवण, आणि ती बहुतेकदा कायमची जाते, कारण ती मेंदूत साठलेलीच नसते. जे साठलंच नाही ते परत कुठून येणार? गळा दाबला तर मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो, आणि नवी आठवण साठवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग ऑक्सिजनच्या बाबतीत फार नाजूक असतो, वरून गळ्यावर वळ उमटेलच असंही नाही. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्यांनी त्या काळातलं आठवत नाही, दारूनेही तसंच होतं. म्हणजे मारानेच आठवण जाऊ शकते, आणि मग आपणच तिला म्हणतो की मार आठवत नाही म्हणजे मार झाला नाही. चोराने रजिस्टर फाडलं आणि वरून मालकालाच विचारलं की नोंद कुठेय, तसला हा प्रकार आहे.

यावर काकांचा पुढचा मुद्दा ४९८अ चा, आणि तोही हवेत उडवून लावण्यासारखा नाही. (आता ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ झालंय, १ जुलै २०२४ पासून, पण लोकांच्या तोंडी ४९८अच राहणार बहुतेक.) २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने सरसकट अटकेला लगाम घातला, तो घातला कारण म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांपासून परदेशातल्या नणंदेपर्यंत नावं टाकली जात होती. डिसेंबर २०२४ मध्येही कोर्टाने याबद्दल पुन्हा बजावलं. हे खरं आहे आणि ज्यांच्या घरावर हे आलंय त्यांना उगाच रडता म्हणणं दुष्टपणा आहे. फक्त दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कोणाला लगेच आत टाकायचं का, हा एक प्रश्न. बाई सांगते ते ऐकून तपास करायचा का, हा दुसरा. अर्नेश कुमार पहिल्याबद्दल आहे. त्याचा आधार घेऊन दुसऱ्यालाच नाही म्हणणं म्हणजे डॉक्टरने ऑपरेशन नको म्हटलं म्हणून पेशंटला तपासूच नका म्हणण्यासारखं झालं. शिवाय २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहेच, त्यात मारहाणीसोबत शाब्दिक, भावनिक, आर्थिक छळही धरलाय, आणि संरक्षणाचा आदेश मोडला का हे ठरवताना कोर्ट एकट्या तिच्या साक्षीवरही निष्कर्ष काढू शकतं असं कलम ३२ मध्ये लिहिलंय. कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की बंद दाराआड दुसरा साक्षीदार नसतो.

आणि खोट्या केसेसची चिंता करणाऱ्यांनी दुसरीकडचा आकडाही डोळ्यांखालून घालावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीत, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुठेतरी मदत मागितली होती, बाकीच्यांतल्या बहुतेकींनी कोणाला सांगितलंसुद्धा नाही. एक खोटी केस आपल्याला दहा वर्षं लक्षात राहते, न केलेली तक्रार लक्षात राहायला मुळात कळायला तर पाहिजे.

आमच्यातल्या एका पोरीने मात्र वेगळाच मुद्दा काढला, तो मला जास्त टोचला. ती म्हणाली, हे श्रीमंतांचे चोचले आहेत बाप्पा, बंगला काय, शॅम्पेन काय, इथे वस्तीतली बाई रोज मार खाते तिच्यावर कोण कादंबरी लिहितं? बरोबर आहे तिचं. मार गरिबाघरी जास्त दिसतो, पाहणीतही दिसतो. आणि अशा कादंबऱ्यांमध्ये छळाला साडी-दागिन्यांसारखी झळाळी येते, ते वाचताना मलाही कसंसंच झालं. पण चकचकीत लग्नाचा एक वेगळा धोका आहे तो इथे नागपुरातही दिसतो. फुटाळ्यावर प्री-वेडिंग, वर्धा रोडच्या लॉनवर रिसेप्शन, दर वर्षी अॅनिव्हर्सरीची रील, खाली शंभर जणांचं "मेड फॉर इच अदर". हे सगळे आयते साक्षीदार आहेत, आणि सगळे त्याच्या बाजूचे. वस्तीतली बाई ओरडली तर शेजारी ऐकतात, मदतीला येवोत न येवोत, ऐकतात तरी. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यात कंपाउंडच एवढं मोठं की ऐकणार कोण?

लोकांना आवडत्या जोडीचं चित्र मोडलेलं चालत नाही, यासाठी मारहाणीपर्यंतही जायला नको. सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आलं. त्यात छळ वगैरे काही नाही हे आधीच सांगते, तुलना त्या अर्थाने करत नाहीये. एका बाईने आपलं सहजीवन आपल्या नजरेने, नवऱ्याचे दोष न झाकता लिहिलं एवढंच. तरी पुलंवर जीव असलेल्या कितीतरी वाचकांना ते झोंबलं, नवरा-बायकोला काही वाटलं नसेल तेवढं यांना वाटलं. नुसत्या तक्रारीच्या सुरावर एवढं, तर ज्या घरात खरंच हात उगारला जातो तिथल्या बाईचं कोण ऐकणार?

ती ऐकायला लावेल म्हटलं तर दुसरं हत्यार तयार, डोक्यावर परिणाम झालाय. आपल्याकडे पागलखाना चौक नावाचा अख्खा चौक आहे, लहानपणापासून घराघरात धमकी ऐकत आलोय, तिकडे नेऊन टाकीन म्हणून. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे, आणि १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की नुसतं आजाराचं नाव लावून भागत नाही, तो इतका तीव्र आहे का की सोबत राहणं शक्यच नाही, हे सिद्ध करावं लागेल. कादंबरीतला नवराही तेच करतो, तिचे गोळ्यांचे डबे सगळ्यांसमोर मोजतो, माझी बिचारी विसरते हो, म्हणून पाहुण्यांना सांगतो. बिचारी हा शब्द तो इतक्यांदा वापरतो की मला पन्नासाव्या पानावर त्याचा संशय आला.

म्हणूनच शेवटावर माझा राग आहे. शेवटी काय होतं, तर कोर्टात उभी असताना तिला अचानक सगळं आठवतं, ती रात्र, तो जिना, त्याचा हात, पार घड्याळात किती वाजले होते तेसुद्धा. ज्युरी रडते, नवरा खाली मान घालतो. वाचक खूश, काकाही खूश, म्हणे आता पटलं. म्हणजे तीनशे पानं लेखकाने आपल्याला शिकवलं की तिच्या तुटक्या बोलण्याकडे लक्ष द्या, आणि शेवटी स्वतःच माघार घेतली, माशाच्या पोटातून अंगठी काढून दिली. जिची आठवण कधीच परत येणार नाही (आणि डॉक्टरी हिशोबाने बहुतेकींची येणार नाही) तिने काय करायचं? तिच्यासाठी या पुस्तकात जागाच नाही.

आणि आठवण परत आणायची गरजही नव्हती, एवढं सामान लेखकाने स्वतःच घरात मांडून ठेवलं होतं. डिस्चार्ज कार्डावर "जिन्यावरून पाय घसरून पडली" असं लिहिलंय, पण ती हिस्ट्री दिली कोणी? ती तर बेशुद्ध होती. आपल्या रामदासपेठेतल्या कुठल्याही हॉस्पिटलात जा, केसपेपरवर हकीकत सांगणारं माणूस बहुतेकदा नवरा किंवा सासू असते, आणि पेशंट शुद्धीवर आली तरी तिला एकटीला, नातेवाइकांना बाहेर काढून विचारलं जाईलच असं नाही. तीन वर्षांत चार वेळा पडणारी बाई, दर वेळी वेगळं हॉस्पिटल, दर वेळी सोबत तोच माणूस. केमिस्टची बिलं त्याच्या सहीची. तिचं बँक खातं त्याच्या मोबाईल नंबरला जोडलेलं. यातलं काहीही तिला आठवावं लागत नाही, हे कागदांना आठवतं, आणि कागद तपासला तर नवरा निर्दोष असेल तेही त्यातूनच दिसेल, म्हणजे गटातल्या त्या पुतण्यालाही याचा फायदाच आहे.

शिवाय त्या बंगल्यात कामाला एक बाई आहे. अख्ख्या पुस्तकात तिला चार-दोन वाक्यं आहेत, तीही "मॅडम, कॉफी" असली. पण फुटलेल्या काचा तिनेच भरल्या, चादरी तिनेच धुतल्या, मॅडम भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे कोणत्या दिवशी घालायच्या हे तिला पाठ असणार, कारण इस्त्री तिचीच. घरातली एक स्मरणशक्ती तर शाबूत होती. कोर्टाचा प्रसंग चाळीसेक पानं चालतो, मानसोपचारतज्ज्ञ येतो, ड्रेस डिझायनर येतो, नवऱ्याचा एजंटसुद्धा येऊन साक्ष देऊन जातो, आणि तिला बोलवायचं कोणत्याच वकिलाच्या डोक्यात येत नाही.